सिल्लाचा एका वर्षाचा राजा आणि आमचे किम काका

एका प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून हा लेख लिहीत आहे. ज्या राजाला गादीवर जेमतेम एक वर्ष मिळाले आणि ज्याने जाता जाता एकच मोठा निर्णय केला, त्याच्याकडे पुढच्या सगळ्या पडझडीचा जाब मागावा का?

राजा कोरियाचा. सिल्ला नावाचे त्याचे राज्य, काळ नवव्या शतकाचा उत्तरार्ध. प्रश्न मात्र माझ्याकडे आला तो १९८० नंतरच्या दशकात, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, आमच्या स्वयंपाकघरात. विचारणारे गृहस्थ हातात चहाचा कप घेऊन फ्रिजपासून दारापर्यंत आणि दारापासून फ्रिजपर्यंत फेऱ्या घालत होते. ते आमचे शेजारी, मिस्टर किम.

माझे यजमान आणि मिस्टर किम मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एकाच कारखान्यात होते. यजमान आराखडे काढत, किम तयार झालेला भाग मोजून पास किंवा नापास करत. आम्ही एकाच अपार्टमेंट संकुलात, समोरासमोरच्या दारांत राहत होतो. भारतात असताना मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत असे. हे कळल्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. ‘टीचर’ म्हणत. त्यांच्याकडे शिक्षकाला नावाने बोलावणे असभ्य समजतात, हे मला पुढे कळले. आमची मुलगी मुग्धा तेव्हा चौथीत होती. तिने त्यांना ‘किम काका’ करून टाकले. त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी बहीण सुन-ही राहत असे. ती डेट्रॉइटच्या एका इस्पितळात नर्स होती.

“काकांची बहीण म्हणजे आत्या ना, मॉम?” मुग्धाने विचारले.

“हो, आत्याच.”

“देन व्हाय डू यू कॉल हर मिस किम? तुला नणंद झाली ना ती.”

तर्क बरोबर होता, तो मी मान्य केला. सुन-ही त्या दिवसापासून आत्या झाली.

किम काकांना स्वस्थ बसता येत नसे. हा दोष होता की स्वभाव, याचा निवाडा मी केला नाही, फक्त निरीक्षण केले. जेवताना दोन घास झाले की ते उठून खिडकीशी जात, गाडी जागेवर आहे का ते पाहत आणि परत येत. टीव्हीवर बातम्या लागल्या की त्या उभ्याने ऐकत. कुणी “बसा” म्हटले की खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत आणि म्हणत, “आधी काम, मग खुर्ची.” काम कोणते, ते बहुधा त्यांनाही ठाऊक नसावे. खिशातल्या किल्ल्या सतत वाजत असत. त्या आवाजावरून ते जिन्यात आहेत की व्हरांड्यात, हे मुग्धा आतून सांगत असे.

अस्वस्थतेला बाहेरचे कारणही होते. ते दिवस डेट्रॉइटच्या कारखान्यांतून माणसे घरी बसवली जाण्याचे होते आणि राग जपानी गाड्यांवर होता. किम काकांची गाडी डेट्रॉइटचीच होती, बंपरवर तसे सांगणारा स्टिकरही होता. तरी पेट्रोल पंपावर एकदा एका माणसाने काच ठोठावून त्यांना “आपल्या देशात परत जा, टोकियोला” असे ऐकवले. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट यजमानांना सांगितली, ती तक्रारीच्या सुरात नव्हे.

“मी त्याला म्हटलं, टोकियोला आमचे पूर्वजसुद्धा खुशीने गेले नाहीत, जपान्यांनी धरून नेले म्हणून गेले. त्याला समजलं नाही. गाडीत नकाशा ठेवावा का?”

“नकाशा दाखवून माणसं शहाणी होत असती तर माझ्या बायकोला शाळेत शिकवायला कुणी ठेवलंच नसतं,” यजमान म्हणाले.

किम काका हसले आणि त्याच पावली पुन्हा गाडी पाहायला गेले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्यासाठी वाचकांनी एक प्रथा समजून घेतली पाहिजे. कोरियन कुटुंबात आईवडिलांच्या मृत्युतिथीला त्यांच्यासाठी पान मांडतात. मागे घडीचा पडदा, पुढे मेज, मेजावर भात, सूप, मासा, परतलेल्या वड्या, फळे. मृतांची नावे कागदाच्या पट्टीवर लिहून उभी करतात आणि विधी संपला की तो कागद जाळतात. थोरला मुलगा मद्याचा पहिला प्याला ओततो आणि जमिनीवर डोके टेकून नमस्कार करतो. बायका स्वयंपाक करतात आणि मागे उभ्या राहतात. अन्नात लसूण नसते, तांबडी मिरची नसते. सुन-हीने हे सांगितले तेव्हा मला नवल वाटले नाही. “आमच्याकडेही कांदा-लसूण चालत नाही,” मी म्हटले, तेव्हा नवल तिलाच वाटले. “मग तुम्हाला पुढचं सगळं सांगायला नको,” ती म्हणाली.

किम काका थोरल्या घरातले थोरले. लग्न झालेले नव्हते, मूल नव्हते. विधीचा मान आणि भार दोन्ही त्यांच्याकडे. पूर्वी ते अशा दिवशी शिकागोला चुलत्यांकडे जात. त्या वर्षी प्रथमच त्यांनी वडिलांच्या तिथीचा विधी स्वतःच्या घरी करायचे ठरवले, चुलत्यांना बोलावले आणि आम्हालाही.

परंपरेप्रमाणे पडदा उत्तरेला हवा. त्यांच्या घरात मोकळी भिंत एकच होती आणि ती पश्चिमेची. मोजमापात केसाचाही फरक न खपवून घेणारा माणूस दिशेच्या बाबतीत अंदाजाने कसा वागेल? त्यांनी यजमानांना बोलावले. यजमान शाळेत असताना छात्रसेनेत होते. त्यांनी होकायंत्र काढले आणि कारखान्यातल्या या दोघा माणसांनी मिळून पुढचा शनिवार त्यात घातला. लोखंडी कपाट सुईला ओढते म्हणून कपाट हलवले. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो, तो नकाशावरून पाहून दुरुस्त केला. अखेर पडदा आणि मेज खोलीत तिरके उभे राहिले, इतके तिरके की स्वयंपाकघराचे दार अर्धेच उघडे. सुन-ही सुपाचे वाडगे घेऊन अंग चोरून आडवी निघत होती.

“ओप्पा,” ती म्हणाली. ओप्पा म्हणजे दादा. “बाबांना उत्तर सापडेल. मला मात्र दार सापडत नाही.”

“दोन अंश अजून,” किम काका म्हणाले आणि मेज आणखी सरकवले.

संध्याकाळी शिकागोहून चुलते आले. ताठ, पांढरे केस, कोटाची सगळी बटणे लावलेली. दारातच थांबले.

“भूकंप झाला का?”

किम काकांनी होकायंत्र दाखवून खुलासा केला. चुलत्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

“अरे, पडदा जिथे, ती उत्तर. आपण तिला उत्तर म्हणायचं असतं. मेलेली माणसं होकायंत्र घेऊन जेवायला येत नाहीत.”

यजमान मला मराठीत म्हणाले, “हे आधी कळलं असतं तर कपाट वाचलं असतं.” मी त्यांना गप्प केले. सगळ्यांनी मिळून मेज भिंतीशी नेले आणि विधी यथासांग झाला.

जेवायला बसल्यावर मात्र चुलत्यांनी विषय काढला. किम काकांच्या हृदयाच्या झडपेत दोष निघाला होता आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती. ही बातमी शिकागोला पोचली होती.

“तुझ्यानंतर हे कोण करणार?” चुलत्यांनी विचारले. “तिकडे कोरियात, तेगूच्या चुलतभावाला तीन मुलगे आहेत. मधला दत्तक घे. कागद मी करतो.”

“त्या मुलाला मी पाहिलेलंही नाही. सुन-ही आहे.”

“सुन-ही मुलगी आहे.”

“ते मला माहीत आहे, काका.”

“आपण किम. राजाच्या वंशातले. आपल्या घरात हे एकदा झालेलं आहे. एक वर्षाचा राजा होता, मुलगा नव्हता, बहिणीला गादीवर बसवून मेला. राज्य बुडालं. शाळेत शिकला नाहीस?”

आम्हाला कळावे म्हणून हे शेवटचे त्यांनी इंग्रजीत सांगितले, आधीचे मला सुन-हीने नंतर सांगितले. स्वयंपाकघरात सुन-ही भांडी घासत होती. नळ वाहत होता, तो बंद झाला. ती बाहेर आली नाही. थोड्या वेळाने नळ पुन्हा सुरू झाला.

पुढच्या शनिवारी किम काका आमच्या स्वयंपाकघरात उभे होते. “टीचर, मला तुमचं मत नको, उत्तर हवं. त्या राजाने चूक केली का? केली असेल तर मी तेगूच्या मुलाला पत्र लिहीन. शस्त्रक्रियेआधी ठरवायचं आहे.”

त्यांच्या दृष्टीने हा इतिहासातला कूटप्रश्न नव्हता. आपल्या आईवडिलांना आपल्यामागे कोण जेवू घालणार, एवढाच तो होता.

जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला बसू देत असत. मला कोरियन येत नाही, त्या काळची त्यांची लेखनाची भाषा, चिनी, तीही येत नाही. इंग्रजीत जे मिळाले ते वाचले आणि शाळेत शिकवायचे तसे क्रमाने मांडले. मी किम काकांना जे सांगितले, ते असे.

पहिले, हा राजा सिल्लाच्या राजांच्या यादीत पन्नासावा. त्याच्या आधी त्याचा थोरला भाऊ गादीवर होता. भावाच्या काळात राजधानीत घरांवर कौले होती, लोक लाकडाऐवजी कोळशावर रांधत, गाणी ऐकू येत, असे वर्णन आहे. म्हणजे बाहेरून सगळे ठीक दिसत होते.

“बाहेरून,” किम काका फ्रिजजवळून म्हणाले. “आम्ही भाग पास करतो तो आतून पाहून.”

दुसरे, या राजाला गादी मिळाली त्याच वर्षी राज्याच्या पश्चिम भागात अवर्षण आणि दुष्काळ पडला. एका सरदाराने बंड केले, ते मोडले गेले. मग राजा आजारी पडला. मूल नव्हते. त्याने मंत्र्याला बोलावून सांगितले की बहीण बुद्धिमान आहे, पुरुषाच्या तोडीची आहे, आणि पूर्वी या राज्यात दोन राण्या गादीवर बसून गेल्या आहेत, तेव्हा तिलाच गादीवर बसवावे. एवढे सांगून तो गेला.

तिसरे, बहीण राणी झाली. तिच्या काळात खजिना रिकामा होता. कर वसूल करायला माणसे पाठवली आणि प्रांतोप्रांती बंडे उठली. अखेर, प्रजेचे हाल हा माझाच दोष, असे म्हणून तिने आपण होऊन गादी सोडली आणि थोरल्या भावाच्या मुलाला बसवले. राज्य त्यानंतर आणखी काही दशके चालले. तिच्यामागून पाच राजे झाले. पाचही पुरुष.

किम काका चालता चालता थांबले. “पाच?”

“पाच. मी दोन पुस्तकांत ताडून पाहिलं.”

“काका पाचही विसरले.”

“विसरले असं नाही. तिला दोष देणारा जो जुना इतिहास आहे, तो तिच्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळाने, दुसऱ्याच राजवटीच्या चाकरीत असलेल्या माणसांनी लिहिला. बायकांनी राज्य करू नये, असं त्यांचं आधीच ठरलेलं होतं. साक्षीदार कोण आहे, ते पाहून साक्ष तोलावी लागते. तेव्हा माझं उत्तर असं, की राजाच्या निर्णयाने राज्य बुडालं असं सिद्ध होत नाही.”

मला वाटले, त्यांचे समाधान होईल. त्यांच्या किल्ल्या मात्र अधिकच जोरात वाजू लागल्या. ते दारापर्यंत गेले, परत आले.

“तुम्ही राजाला सोडवलंत, टीचर. पण ती काय म्हणाली?”

“कोण?”

“बहीण. त्याने मंत्र्याला सांगितलं, मंत्र्याने ऐकलं. तिला विचारलं का? ती हो म्हणाली का?”

मी टिपणे उलटून पाहिली. राजा मंत्र्याशी बोलला, एवढेच होते. तिच्या उत्तराविषयी काही नव्हते.

“माझ्या वाचनात नाही,” मी म्हटले.

किम काकांनी कप फ्रिजवर ठेवला. अर्धा चहा त्यात तसाच होता. “मीही विचारलेलं नाही,” ते म्हणाले आणि निघून गेले.

पुढचे मला सुन-हीकडून कळले. तळघरात धुलाईची यंत्रे होती, तिथे ती इस्पितळाचे पांढरे गणवेश घड्या करत होती.

“काल ओप्पाने मला बसवलं,” ती म्हणाली. “स्वतः उभा राहिला. म्हणाला, आईबाबांचं पान तू मांडशील का, तुझी इच्छा असेल तर. मी म्हटलं, इतकी वर्षं मासा कोण तळतंय?”

“मग?”

“तो म्हणाला, ते काम झालं, मी मानाचं विचारतोय. मी रागावले. तुम्ही रागावला नसतात?”

“रागावले असते.”

“मी म्हटलं, मरताना देणार असशील तर नको. तू जाशील आणि काका म्हणतील, औषधाच्या गुंगीत बोलला. राजाने तेच केलं ना? नाव घेतलं आणि गेला. मग ती एकटी. द्यायचं असेल तर या वर्षी दे, तुझ्या देखत. मी प्याला ओतेन, तू माझ्या मागे उभा राहा, काकांच्या डोळ्यांसमोर.” तिने गणवेशाच्या टोपीची घडी नीट दाबली. “आणि चेस्टनट सोलायचे तू. ते तरी पुरुषांचं काम आहे, ते तू मागच्या वेळी मुग्धाच्या बाबांवर ढकललंस.”

हे खरे होते. पानात मांडायच्या चेस्टनट या कवचाच्या फळांची आतली साल चाकूने काढून त्यांना पैलू पाडावे लागतात. त्यासाठी एका जागी बसावे लागते.

आईची तिथी हिवाळ्यात येई. त्या संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा किम काका स्वयंपाकघरात उभ्याने चेस्टनट सोलत होते, दर दोन फळांमागे बाहेर डोकावत होते. पडदा पश्चिमेच्या भिंतीशी होता आणि त्या भिंतीला सगळे उत्तर म्हणत होते. चुलते येतील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हते. किम काकांनी फोन करून सगळे आधीच सांगून टाकले होते आणि पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला होता.

ते आले. कोट काढला नाही. दाराशीच उभे राहिले. सुन-ही मेजापुढे गुडघ्यांवर बसली, किम काका तिच्या मागे. तिने सुरई उचलली. किम काका वेळेच्या आधीच नमस्काराला वाकले.

“अजून नाही,” मागे न पाहता ती हळूच म्हणाली. ते परत उभे राहिले.

तिने प्याला भरला आणि एका हाताने पुढे केला. तेव्हा दाराशी उभे असलेले चुलते कोरियनमध्ये काहीतरी बोलले. यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, विधी थांबला.

सुन-हीने दुसरा हातही प्याल्याला लावला. नंतर मी तिला विचारले, ते काय म्हणाले.

“दोन्ही हातांनी, असं म्हणाले. शिकवत होते.”

जेवताना चुलत्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि माशात मीठ कमी असल्याचे सांगितले. सुन-हीने मीठ आणून ठेवले. तेगूच्या मुलाचा विषय निघाला नाही. मुग्धाने चुलत्यांना विचारले, तुम्हीही काकाच का? किम काकांनी त्या शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “वयाने आजोबा चालेल.”

शस्त्रक्रिया त्यानंतर काही आठवड्यांनी होती. त्या सकाळी रात्रभर बर्फ पडून गेले होते. आमच्या खिडकीतून खालचा पार्किंग लॉट दिसत असे. सुन-ही गाडीत चालकाच्या जागी बसली होती, इंजिन सुरू होते. किम काका खरवडणी घेऊन काचांवरचे बर्फ काढत होते. पुढची काच, मागची, बाजूच्या. त्यांची गाडी झाली तेव्हा ते शेजारच्या गाडीकडे, म्हणजे आमच्या गाडीकडे वळले. सुन-हीने हॉर्न वाजवला. त्यांनी हात वर करून थांबण्याची खूण केली आणि आमची मागची काच पुरी केली. हॉर्न पुन्हा वाजला. मग ते गाडीला वळसा घालून गेले, बुटांवरचे बर्फ झटकले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. गाडी निघाली.

ते इस्पितळातून परत आले नाहीत. त्या वर्षापासून सुन-ही तीन पाने मांडू लागली.

माझे उत्तर मी वर दिले आहे. एका वर्षाच्या राजाकडे पुढच्या पडझडीचा जाब मागणे मला न्यायाचे वाटत नाही. त्याच्या हातून काही राहिलेच असेल तर ते किम काकांनी दाखवले ते, आणि तेही निश्चितपणे म्हणता येत नाही, कारण माझे वाचन इंग्रजी पुस्तकांपुरते आहे. माझी विनंती आहे की वाचकांनी यावर विसंबू नये. ज्यांना त्या भाषा येतात किंवा चांगले ग्रंथालय हाताशी आहे, त्यांनी सिल्लाच्या पन्नासाव्या राजाची नोंद स्वतः काढून वाचावी, आणि त्याच्या बहिणीने काय उत्तर दिले ते कुठे लिहून ठेवले आहे का, हे तपासावे.